हाकेची नावे

प्रवासाची सुरुवात पकिप्सीपासून करायची, हे चिपळूणने ठरवले होते. न्यू जर्सीतल्या माझ्या घरातून सॅन फ्रान्सिस्कोकडे, म्हणजे थेट पश्चिमेला निघालेल्या चौघीजणींनी आधी दोन तास उत्तरेला जाण्याची वरवर पाहता काहीच गरज नव्हती. पण अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीने पाहायची असेल, तर आपल्याआधी इथे येऊन गेलेल्या बाईला भेटल्याशिवाय निघायचे नाही, असा तिचा आग्रह होता आणि तो आम्हाला मोडवला नाही. म्हणून ८ सप्टेंबर २०२३च्या सकाळी हडसन नदीच्या काठच्या त्या गावातल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाई जोशींच्या नावाच्या दगडासमोर आम्ही उभ्या होतो. १८८३मध्ये त्या बोटीने अमेरिकेला आल्या, न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या, १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्या इथे, पकिप्सीच्या मातीत ठेवल्या गेल्या. पकिप्सी हा इथल्या मूळच्या वॅपिंजर लोकांच्या भाषेतल्या शब्दाचा झिजलेला उच्चार आहे, आणि लव्हाळ्यांनी शाकारलेल्या झोपडीजवळचे पाणी असा त्याचा अर्थ सांगतात.

दगडावर नाव आहे ते आनंदीबाईंचे. कल्याणला जन्मलेल्या मुलीचे नाव यमुना होते आणि लग्नानंतर ते आनंदी झाले. पुढे शुक्र ग्रहावरच्या एका विवराला जोशी हे नाव देण्यात आले, म्हणजे सासरचे नाव आकाशात पोहोचले. माहेरचे नाव मात्र ना या दगडावर आहे, ना त्या ग्रहावर. फुले ठेवून झाल्यावर आम्ही निघणार, एवढ्यात कराड मागे वळली आणि दगडाकडे पाहत अगदी घरातल्या माणसाशी बोलावे तशी म्हणाली, "यमुनाबाई, येतो आम्ही."

चिपळूण आणि कराड ही माझ्या मैत्रिणींची नावे नव्हेत, गावे आहेत. १९९३च्या पावसाळ्यात पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी येऊन पडलो, तेव्हा एकमेकींची नावे पाठ होण्याआधी गावे पाठ झाली, आणि पुढे चार वर्षे लातूर, चिपळूण, कराड आणि वाई याच हाका त्या खोलीत घुमत राहिल्या. मी वाई. त्यानंतर लग्ने झाली, आमच्यातल्या दोघींची नावे ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून बदलली गेली, आडनावे तर चौघींचीही बदलली. कराडला तिच्या सासरी ज्या नावाने हाक मारतात, ते नाव तिच्या आईने एकदाही उच्चारले नाही, आणि आई गेल्यावर तिचे जन्माचे नाव घेणारे जवळजवळ कोणी उरले नाही. आम्ही मात्र तिला कराडच म्हणत आलो. आम्हा चौघींना तीस वर्षांत कोणी बदलू शकले नाही अशी आमची तेवढी एकच हाक आहे, हे मला त्या दफनभूमीतून गाडीकडे चालताना पहिल्यांदा जाणवले. पुढचे चोवीस दिवस आणि साडेचार हजारांहून अधिक मैल, वाटेतल्या प्रत्येक पाटीवरचे नाव मी निराळ्या नजरेने वाचत गेले.

गाडी भाड्याची होती, सात जणांची, आणि ती चालवायची मी आणि डॅलसहून आलेल्या लातूरने, असे ठरले होते. मागच्या आसनाशेजारी विजेवरचा छोटा कुकर, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि चिपळूणने कस्टमच्या पेटाऱ्यांतून सुखरूप आणलेली कोकमे होती. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो आम्ही दीड दिवसात मागे टाकले. त्या रस्त्यावर थांबून पाहावे असे आम्हाला फारसे काही दिसले नाही, आणि ओहायोबद्दलची ती चूक पुढे यलोस्टोनमध्ये लक्षात आली.

शिकागोत आम्ही ११ सप्टेंबरला होतो. बरोबर १३० वर्षांपूर्वी त्याच तारखेला स्वामी विवेकानंद जिथे बोलले, त्या इमारतीत आता आर्ट इन्स्टिट्यूट आहे आणि बाहेरच्या मिशिगन अव्हेन्यूच्या एका तुकड्याला त्यांच्या नावाची पाटी आहे. तिथून चार पावलांवर मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे क्लाउड गेट हे आरशासारखे शिल्प आहे. भोवतालच्या चौकाचे काम चालू असल्यामुळे ते आम्हाला कुंपणाबाहेरूनच पाहावे लागले. शिल्पकाराने त्याला मेघांचे द्वार म्हटले, पण शिकागोचे लोक त्याला घेवड्याचा दाणा म्हणतात, आणि चालते ते लोकांचेच नाव. खुद्द शिकागो हे नावही तिथल्या मायामी-इलिनॉय लोकांच्या भाषेतल्या एका रानकांद्याच्या नावावरून पडलेले आहे. काचेच्या त्या उत्तुंग इमारतींकडे पाहताना, या साऱ्याच्या मुळाशी ओल्या जमिनीत उगवणारा एक उग्र वासाचा कंद आहे, ही गोष्ट मला फार आवडली.

शिकागो सोडल्यावर दोन दिवस नुसती सपाटी होती. विस्कॉन्सिनच्या टोकाला मिसिसिपी ओलांडली, मग मिनेसोटा, मग दक्षिण डकोटा. मका, सोयाबीन आणि पुन्हा मका. चेंबरलेनजवळ मिसूरी नदी ओलांडली की जमीन कोरडी होते, झाडे संपतात आणि आकाश इतके मोठे होते की गाडीतल्या गप्पा आपोआप थांबतात. चिपळूणचा जन्म डोंगरात आणि नदीकाठी गेलेला. एवढे आकाश पाहून आपल्याला भीती वाटते, असे ती मोकळेपणाने म्हणाली. लातूरला मात्र ते ओळखीचे वाटले. औशाच्या रस्त्यावर एप्रिलमध्ये असेच दिसते, फक्त तिथे गाडी एवढी गार नसते, असे ती म्हणाली.

त्या सपाटीत अचानक जमीन फाटते आणि बॅडलँड्स सुरू होतात. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या थरांचे ते सुळके इतके ठिसूळ आहेत की दर वर्षी सरासरी इंचभर झिजतात, आणि त्या झिजेतून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडे वर येत राहतात. बॅडलँड्स हे इंग्रजी नाव लाकोटा लोकांच्या 'माको शीचा' या शब्दांचे सरळ भाषांतर आहे. दोन्हींचा अर्थ वाईट जमीन. भाषांतर का होईना, इथे निदान मूळ अर्थ राहिला आहे. तिथून दोन तासांवरच्या ब्लॅक हिल्समध्ये तसे घडले नाही.

ब्लॅक हिल्समध्ये चार राष्ट्राध्यक्षांचे साठ-साठ फुटी चेहरे ज्या कड्यात कोरलेले आहेत, त्या डोंगराला लाकोटा लोक सहा आजोबा म्हणत. १८८५मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स रशमोर नावाचे एक वकील खाणींच्या कामासाठी तिथे आले, त्यांनी या डोंगराचे नाव काय म्हणून विचारले, आणि नाव नाही असे कळल्यावर गमतीत त्यांचेच नाव त्याला चिकटले. १८६८च्या फोर्ट लॅरामीच्या कराराने हा सारा प्रदेश सू लोकांचा म्हणून मान्य झाला होता; लाकोटा हे त्यांच्यातलेच. १८७४मध्ये कस्टर या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेला इथे सोने सापडले आणि १८७७मध्ये तो काढून घेतला गेला. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घेणे बेकायदा ठरवून दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई मान्य केली, पण सू लोकांनी ती आजवर घेतलेली नाही, कारण त्यांना पैसे नको आहेत, डोंगर हवा आहे. व्याजासकट ती रक्कम आता शंभर कोटींच्या पुढे गेली आहे. इतके दारिद्र्य सोसणारी माणसे इतका पैसा चाळीस वर्षे नाकारत राहतात, ही गोष्ट मला त्या कोरलेल्या चेहऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी वाटली. कराड शेतकऱ्याची मुलगी आहे आणि तिच्या वडिलांनी धरणात गेलेल्या जमिनीची भरपाई हातात घेताना काय केले, हे तिने पाहिलेले आहे. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी वायोमिंगमधला तो प्रचंड खडक दिसला. डेव्हिल्स टॉवर, म्हणजे सैतानाचा मनोरा, असे त्याचे अधिकृत नाव आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून तो घोषित केला. १८७५च्या एका लष्करी मोहिमेत दुभाष्याच्या गैरसमजातून हे नाव आले असे मानतात. लाकोटा भाषेत त्याला मातो तिपिला, म्हणजे अस्वलाचे घर म्हणतात. पायथ्यापासून ८६७ फूट उंच असलेल्या त्या खडकाच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभे, कोनदार खांब आहेत. शिलारस निवत गेला तसा आकसून तडकला आणि हे खांब तयार झाले. कायोवा लोकांच्या कथेत ते अस्वलाच्या नखांचे ओरखडे आहेत. अस्वल मागे लागलेल्या सात मुली एका खडकावर चढल्या, खडक त्यांना घेऊन आकाशाकडे वाढत गेला आणि त्या मुली तिथे तारका झाल्या. त्या तारका म्हणजे आपल्या कृत्तिका. आपल्याकडेही कृत्तिकांना बायकाच मानतात, हे आठवून आम्ही चौघी थोडा वेळ बोललोच नाही.

खडकाभोवतीच्या पायवाटेवर पाइनच्या फांद्यांना रंगीत कापडाच्या पट्ट्या आणि गाठोडी बांधलेली आहेत, आणि ती प्रार्थनेची असल्यामुळे त्यांना हात लावू नये, त्यांचे छायाचित्र घेऊ नये, अशी विनंती तिथे लिहिलेली आहे. ती पाटी आम्हाला वाचावी लागली नाही. ज्या माणसाने वेशीबाहेरच्या झाडाला बांधलेल्या नवसाच्या चिंध्या लहानपणापासून पाहिल्या आहेत, त्याला अशा झाडाखालून कसे जायचे हे सांगावे लागत नाही. नोकरीसाठी काही वर्षे अंधेरीत राहिलेल्या चिपळूणला तिथली गिल्बर्ट हिल आठवली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे तसेच उभे खांब आता इमारतींच्या गराड्यात आहेत आणि माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. भूगोलाच्या पुस्तकातले नाव गिल्बर्टचे, पण वर जाणाऱ्या बाया गावदेवीला चाललो असेच म्हणतात. दोन नावे एकाच खडकावर, आणि त्यातले कोणते जिवंत आहे हे पायऱ्या चढणाऱ्यांना माहीत असते.

यलोस्टोनमध्ये आम्ही चार दिवस राहिलो आणि ते कमी पडले. १ मार्च १८७२ रोजी हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. पायाखाली प्रचंड ज्वालामुखी, त्याच्या उष्णतेने उकळणारे दहा हजारांहून अधिक झरे, डबकी आणि वाफेची भोके, आणि जगातल्या एकूण उष्ण कारंज्यांपैकी जवळपास निम्मी इथेच. ग्रँड प्रिझमॅटिक या झऱ्याच्या काठाचे नारिंगी आणि पिवळे पट्टे उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे आहेत. याच उद्यानातल्या गरम पाण्यात १९६०च्या दशकात थॉमस ब्रॉक यांना सापडलेल्या एका जिवाणूतून पुढे ते विकर मिळाले, ज्याच्यामुळे पीसीआर ही चाचणी शक्य झाली. कोविडच्या काळात पुण्याच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस त्याच चाचण्या करणारी चिपळूण त्या पाण्याच्या काठी कठड्याला टेकून फार वेळ उभी राहिली. वाफ अंगावर येत होती, गंधकाचा वास होता, आणि ती एवढेच म्हणाली की ज्याच्या भरवशावर दोन वर्षे काढली, त्याचे गाव आज पाहिले.

या उद्यानाची एक गोष्ट शंभर वर्षे चुकीची सांगितली गेली: इथे माणसे राहतच नव्हती, कारण मूळ रहिवासी उकळत्या झऱ्यांना भीत असत. खरे तर डोंगरी मेंढ्यांवर जगणारे शोशोन लोक इथे राहत होते आणि उद्यान झाल्यावर काही वर्षांतच त्यांना बाहेरच्या राखीव प्रदेशांत नेण्यात आले. मॅमथपासून नॉरिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऑब्सिडियन क्लिफ नावाचा काळ्या काचेचा कडा आहे. हजारो वर्षे माणसांनी तिथून पात्यांसाठी दगड नेला, आणि ती काच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ओहायोतल्या मातीच्या टेकाडांत सापडली आहे. ज्या ओहायोतून आम्ही खिडकीबाहेर न पाहता निघून आलो, तिथवर इथला दगड माणसांच्या हातांतून, पायी आणि नावेने गेला होता. आम्ही त्या कड्यासमोर उभ्या होतो तो दिवस १९ सप्टेंबरचा, गणेश चतुर्थीचा. ओहायोच्या त्या होपवेल टेकाडांना त्याच दिवशी जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, हे आम्हाला रात्री कळले. उद्यानातली माती उचलायची नसते, म्हणून आम्ही लाकडी खोलीत पाटावर, म्हणजे उलट्या ठेवलेल्या खोक्यावर, सुपारीचा गणपती मांडला होता आणि भाजणीचे वडे केले होते. बाहेर अंधारात एल्क हरणांचे नर शीळ घालावी तसे ओरडत होते. आरती म्हणताना चौघींचेही आवाज नकळत खाली आले.

उद्यानातल्या सरोवराच्या पूर्वेला जी शिखरांची रांग आहे, तिच्यातल्या एका शिखराचे नाव २०२२पर्यंत माउंट डोन असे होते. गस्टाव्हस डोन हा लष्करी अधिकारी १८७० साली या प्रदेशाच्या पाहणीला आला होता; त्याच वर्षीच्या जानेवारीत तो ज्या हल्ल्यात सामील होता, त्यात पिगन ब्लॅकफीट लोकांपैकी किमान १७३ जण मारले गेले, आणि त्यात बायका, मुले आणि म्हातारी माणसे फार होती. आता त्या शिखराला फर्स्ट पीपल्स माउंटन, म्हणजे पहिल्या लोकांचा डोंगर म्हणतात. नकाशा हातात घेऊनही आम्हाला ते नेमके कोणते हे ओळखता आले नाही. तरीही नाव बदलल्याने काही होत नाही असे जे म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. त्या नावाखाली आपल्या मुलांना घेऊन उभे राहणे ज्यांना भाग पडते, त्यांना काय होते ते त्यांनाच विचारायला हवे.

टीटनचे सुळके पायथ्याच्या टेकड्यांशिवाय एकदम वर उठलेले आहेत. त्यांचे नाव एकाकी फ्रेंच शिकाऱ्यांनी बाईच्या अंगावरून ठेवले, तर शोशोन लोकांच्या तीविनॉट या शब्दाचा अर्थ पुष्कळ शिखरे एवढाच आहे. सॉल्ट लेक सिटीत आम्ही फक्त कपडे धुतले आणि झोपलो. आर्चेस उद्यानात आत जाण्याची वेळ त्या वर्षी आधी राखून ठेवावी लागत होती, तशी ती ठेवली होती, आणि डेलिकेट आर्चखाली सूर्यास्ताला दोनशे माणसे एकदम गप्प होतात हे अनुभवले.

मॉन्युमेंट व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान नाही, ते नवाहो राष्ट्राचे आहे, आणि हा फरक तिथे पाऊल ठेवताच जाणवतो. आम्हाला उघड्या गाडीतून फिरवणाऱ्या नवाहो बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी नाव सांगण्याआधी चार कुळे सांगितली: आईचे, वडिलांचे, आईच्या वडिलांचे आणि वडिलांच्या वडिलांचे. मूल आईच्या कुळात जन्मते आणि वडिलांच्या कुळासाठी जन्मते, असे त्यांच्याकडे म्हणतात. आपले लोक स्वतःला दिने म्हणतात, नवाहो हे नाव दुसऱ्यांनी दिलेले आहे, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितले. १८६४मध्ये सैन्याने या लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोत नेऊन डांबले, आणि चार वर्षांनी करार करून ते आपल्या भूमीवर परत आले; असे परत येता आलेले फार थोडे. मग त्यांनी आमची विचारपूस केली. कराडने देवक सांगितले, पंचपल्लवाचे, आजोळ सांगितले, मामाचे गाव सांगितले. मी मधे दुभाष्याचे काम करत होते आणि मला फारसे काही समजावून द्यावे लागत नव्हते. परत येताना त्या बाईंनी कराडला, तुझ्या आईचे कूळ मला सांगितलेस ते बरे केलेस, असे म्हटले. ते वाक्य कराडने पुढे बरेच दिवस जपले.

ग्रँड कॅन्यनला आम्ही पूर्वेकडून, डेझर्ट व्ह्यूच्या बाजूने आलो. दरीची लांबी ४४६ किलोमीटर, खोली मैलाहून अधिक. पण कड्यावर उभे राहिल्यावर हे आकडे उपयोगी पडत नाहीत, कारण डोळ्यांना तिथे मापच सापडत नाही. फलकावर समोरच्या सुळक्याचे नाव वाचले आणि चौघीही चकित झालो: विष्णू टेंपल. पुढे ब्रह्मा टेंपल, देवा टेंपल, शिवा टेंपल. १८८०च्या दशकात क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाला या शिखरांत पूर्वेच्या देवळांचे आकार दिसले आणि त्याने अशी नावे देण्याची रीत पाडली. दरीच्या तळाशी कोलोरॅडो नदीने उघडा पाडलेला काळा खडक सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचेही नाव विष्णू शिस्ट. त्याच्यावर थेट ५० कोटी वर्षांच्या आसपासचा वालुकाश्म टेकलेला आहे. मधल्या शंभर कोटींहून अधिक वर्षांचा एकही थर बऱ्याच ठिकाणी शिल्लक नाही. चिपळूणने सहज हात जोडले. मला आनंद झाला होता, हे मी नाकारणार नाही. हजारो मैलांवर, इतक्या मोठ्या गोष्टीला आपल्या देवाचे नाव असावे, याचा आनंद कोणाला होणार नाही?

दुसऱ्या दिवशी पहाटे ब्राइट एंजल वाटेने आम्ही दीड मैल खाली उतरलो. तिथल्या विसाव्यावरून फार खाली, लाल खडकांच्या मधोमध, कॉटनवुडच्या झाडांचा हिरवा पट्टा दिसतो. तिथे झऱ्याचे पाणी आहे, आणि हावासुपाई लोकांची कुटुंबे तिथे शेती करून राहत होती. उद्यान झाल्यावर त्यांना हळूहळू हलवण्यात आले आणि शेवटच्या रहिवाशाला १९२८मध्ये जावे लागले. त्या जागेला पुढे इंडियन गार्डन म्हणत राहिले. नोव्हेंबर २०२२मध्ये त्या लोकांच्या मागणीवरून ते हावासुपाई गार्डन्स झाले. आमच्या आधल्या दिवशीच्या आनंदाला तिथे एक बारीक तडा गेला. डटनने विष्णूचे नाव दिले तेव्हा त्या शिखराकडे रोज पाहणारी माणसे खाली शेतात होती आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. आपल्या देवाचे नाव असले, म्हणून ती पद्धत काही वेगळी ठरत नाही. हे मी बोलून दाखवले तेव्हा चिपळूण रागावली, आणि वर चढून येईपर्यंत आम्ही दोघी वेगवेगळ्या चालत होतो. कड्यावर पोहोचल्यावर तिने कोकमाचे सरबत केले आणि पहिला पेला मला दिला.

लास व्हेगासला एक रात्र काढली. त्या स्पॅनिश नावाचा अर्थ कुरणे असा होतो, एवढेच त्या शहराबद्दल मला सांगावेसे वाटते. डेथ व्हॅली ऑगस्टमधल्या वादळी पावसात रस्ते वाहून गेल्यामुळे बंद होती, म्हणून नेवाडाच्या ओसाड रस्त्याने वळसा घालून आम्ही सिएरा नेवाडाच्या पूर्वेला ली व्हायनिंगला पोहोचलो आणि २९ सप्टेंबरला जवळपास दहा हजार फुटांवरच्या टायोगा खिंडीतून योसेमिटीत उतरलो.

लातूर दोन दिवस कमी बोलत होती. गाडी चालवायलाही तिने नको म्हटले होते. कारण आम्हाला माहीत होते. १९९३च्या सप्टेंबरात वसतिगृहात येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका पाहून आम्ही उशिरा झोपलो, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूरचे आईवडील शहरात होते, ते वाचले. तिची मावशी आणि दोन मावसभाऊ किल्लारीजवळच्या एका खेड्यात दगडमातीच्या घरात होते. दोन दिवस फोन लागला नाही, आणि ते दोन दिवस आम्ही चौघी एकाच कॉटवर बसून होतो. जिला मी आज मैत्री म्हणते, ती तिथे सुरू झाली.

टायोगा रस्त्यावर टेनाया नावाचे सरोवर रस्त्याला लागूनच आहे. हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइट चारी बाजूंनी त्यात उतरतो आणि उन्हात चमकतो. त्या दिवशी ढग जमू लागले होते आणि वारा सुटला होता, तरी मधूनच ऊन आले की कडा आरशासारखा लखलखत होता. लातूरने घड्याळ पाहिले. साडेतीन वाजत आले होते. भारतात तेव्हा ३० सप्टेंबरची पहाट होती आणि चार वाजत आले होते. तीस वर्षे पुरी होत होती, त्याच मिनिटाला. ती पाण्याच्या काठी जाऊन बसली आणि आम्ही तिच्या शेजारी बसलो.

या सरोवराची गोष्ट मी आदल्या रात्री वाचली होती. १८५१मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांच्या बाजूने मारिपोसा बटालियन नावाची तुकडी अहवानी, म्हणजे योसेमिटीच्या खोऱ्यात शिरली आणि तिथल्या लोकांना हुसकावू लागली. त्यांचा प्रमुख टेनाया. त्याच्या लोकांना या सरोवराच्या काठी पकडले गेले. तुकडीबरोबरच्या लाफायेट बनेल यांनी नंतर लिहून ठेवले आहे की आपण या सरोवराला तुझे नाव दिले आहे, असे त्यांनी टेनायाला मोठ्या कौतुकाने सांगितले. त्यावर टेनाया म्हणाला की त्याला आधीच नाव आहे, आम्ही त्याला पायविॲक म्हणतो. पायविॲक म्हणजे चमकत्या खडकांचे पाणी.

ही गोष्ट लातूरला तिथे सांगावी की नाही, हे मला कळत नव्हते. सांगितली. ती बराच वेळ खडकाकडे पाहत राहिली. मग ती म्हणाली की भूकंपानंतर मावशीचे गाव तिथून उचलून काही अंतरावर नव्याने वसवले, अशी बावन्न गावे वसवली, सरळ रस्ते, एकसारखी घरे. पण नव्या गावाच्या पाटीवर गावाचे नाव मात्र जुनेच लावले. जुन्या जागी आता बाभळी आहेत आणि तिला सगळे नुसते जुने गाव म्हणतात. "नाव आम्ही बरोबर घेऊन गेलो," ती म्हणाली. "मावशी तिथेच राहिली, पण नाव घेऊन गेलो. या माणसाचं उलटं केलं त्यांनी. नाव इथे ठेवून घेतलं."

त्या रात्री खोऱ्यातल्या तंबूत राहायचे होते. योसेमिटीत अस्वलांमुळे खाण्याचा प्रत्येक पदार्थ लोखंडी पेटीत बंद करून ठेवावा लागतो, दंतमंजनसुद्धा; शेंगदाण्याच्या चटणीची बरणी लातूरने शेवटी ठेवली, आणि पेटीचा अडसर लावताना आम्हा तिघींना हळू आवाजात सांगितले की मावसभावांची नावे ती गेल्या तीस वर्षांत कोणासमोर बोललेली नाही. मग तिने ती दोन्ही नावे घेतली. आम्ही ती तिच्यामागून एकेकदा उच्चारली. ती मी इथे लिहीत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोला १ ऑक्टोबरला पोहोचलो. गोल्डन गेट पूल धुक्यात होता, त्याचे फक्त दोन लाल खांब दिसले. वुड स्ट्रीटवरचे गदर स्मारकही आम्ही बाहेरून पाहिले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे याच गदर चळवळीतून भारतात परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फाशी गेले. चिपळूणने त्या दाराच्या उंबऱ्यावर पकिप्सीला ठेवली होती तशीच पांढरी फुले ठेवली.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर आम्ही मुंबईला जाणाऱ्या दोघींना सोडायला आलो. तपासणीच्या खिडकीवरच्या मुलीने कराडच्या पारपत्रावरचे संपूर्ण नाव मोठ्याने पुकारले, सासरचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, आणि थोड्या वेळाने पुन्हा पुकारले. कराड काचेपाशी उभी राहून धावपट्टीकडे पाहत होती. आम्हीही तिघी तशाच उभ्या राहिलो; ते नाव कोणाचे आहे हे आमच्या ध्यानातच आले नाही. तिसऱ्यांदा पुकारले तेव्हा मी वळले आणि हाक मारली, "कराड!" ती लगेच आली.